नकार मी दिला नव्हता

१४ ऑक्टोबर
तिसरं औषधही फुकट गेलं. पित्तनलिकेच्या कॅन्सरची यकृतातली गाठ वाढलीय. डॉक्टर नाम माझ्याकडे न बघता म्हणाले, "नेहमीचं आता काही उरलं नाही. एखादी ट्रायल मिळते का बघा." म्हणजे बाजारात न आलेलं औषध घ्यायचं, लागू पडलं तर पडलं!
बोरामला फोन केला. लेक तेजॉन शहरात असते, पण तिकडूनच कामाला लागली. "आई, सरकारी साइटवर सगळ्या ट्रायल असतात. मी शोधते. तू फक्त जेवत जा."

१९ ऑक्टोबर
सापडली! सोलच्या एका मोठ्या इस्पितळात. पित्तनलिकेच्या कॅन्सरचीच, आणि माझ्या गाठीच्या तपासणीत जनुकांतला जो दोष निघाला नेमका त्याच्यावर.
ह्यांना सांगितलं. "प्रयोगाचा उंदीर होणार?" एवढंच म्हणाले आणि भांडी घासायला उठले. राग आला की हे भांडी घासतात.

२७ ऑक्टोबर
सोलला जाऊन आलो. रक्त, स्कॅन, जुन्या गाठीचा तुकडाही दिला. ट्रायलची नर्स, आडनाव छे, बोरामच्याच वयाची पोर, म्हणाली, "नियमांत बसलात तर फोन करू, काकू. जागा मोजक्याच आहेत." सोबतचं माणूस म्हणून ह्यांचा नंबर दिला. दिवसभर माझा कोट हातावर घेऊन उभे होते.

३ नोव्हेंबर
फोन नाही.

७ नोव्हेंबर
फोन नाही. ह्यांनी अबालोनचे महागडे शिंपले घालून पेज केली, स्वतः घासून. "खा. नाही आला तर नाही आला. आपण आहोत ना?" शेजारची योंगह्वा म्हणाली, "असा नवरा नशिबानं मिळतो, वहिनी!" खरंय.

१२ नोव्हेंबर
शेवटी मीच फोन लावला.
"काकू, तुम्ही तर नकार दिलात ना?" नर्स छे गोंधळली. "तुमचे यजमान म्हणाले, तिची इच्छा नाही. मी पुन्हा विचारलं त्यांना, नक्की ना?"
जागा दुसऱ्या एकीला गेली.
मागच्या अंगणात हे किमचीसाठी कोबीला मीठ लावत होते.
"फोन आला होता?"
हात थांबले नाहीत. "आला होता."
"नाही कोण म्हणालं?"
"माझा दादा सोललाच गेला होता, असलीच औषधं घ्यायला. राख होऊन आला! तुला नाही मी तसं आणणार. जे दिवस आहेत ते माझ्यासमोर राहा."
"दिवस कुणाचे? माझे ना?"
"आणि तू गेल्यावर मी काय करायचं? ते विचारलंस कधी?"
मी कोबीचं घमेलं उलथं केलं. सगळा कोबी मातीत! आणि ती पेज— फोन लपवून मला पेज भरवत होता हा माणूस!
आजपासून ह्या वहीत 'हे' नाहीत. 'तो'.

१३ नोव्हेंबर
बोरामला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांनी मला परवा सांगितलं होतं, आई. तुला सांगायचा धीर झाला नाही."
तीही!

२५ नोव्हेंबर
डॉक्टर नामांनी दुसरी ट्रायल सुचवली, सोलच्या त्याच इस्पितळात. आशा कमी, म्हणाले. एकटीच गेले. सही माझी. सोबतचं माणूस विचारलं तेव्हा योंगह्वाचा नंबर दिला. परतले तर तो स्टेशनबाहेर गाडी लावून उभा. मी बसनं आले. गाडी घरापर्यंत बसच्या मागे.

१६ डिसेंबर
दुसरा डोस. तोंड आतून सोललंय, पाणीही झोंबतं. तो पलीकडच्या खोलीत झोपतो. "जेवलीस?" "हो." एवढाच संसार.

९ जानेवारी
स्कॅनमध्ये गाठ तेवढीच आहे. वाढली नाही!
लिफ्टपाशी नर्स छे भेटली. सहज विचारलं, ती पहिली ट्रायल कशी चाललीय?
"थांबवली, काकू. औषध सोसलं नाही लोकांना. फुप्फुसं सुजली."
"माझ्या जागी जी आली, ती?"
"गेली, काकू."
घरी आले. तो दारातच. "काय म्हणाले?"
"गाठ तेवढीच आहे."
बाकीचं त्याला मी मरेपर्यंत सांगणार नाही.