डोक्यावर लोकरीच्या तारा

आई, आपला धाकटा सहा वर्षांचा होता तेव्हाचं मुलुंडचं घर परवापासून सारखं आठवतंय. तो बोलायचा नाही, डोक्याला कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. केस कापायचे तर दुपारी तो झोपल्यावर तू हळूच कात्री चालवायचीस. खेळता खेळता तो मध्येच थबकायचा, नजर हरवायची, हाक मारली तरी वळायचा नाही. शाळेच्या बाईंनी हट्टी म्हणून घरी पाठवलं होतं, आणि आत्याचं म्हणणं, तूच त्याला लाडावून ठेवलंयस. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. तो शब्द आपण पहिल्यांदाच ऐकत होतो. मेंदूतल्या विजेचा आलेख काढायला हवा, त्यासाठी डोक्यावर तारा चिकटवाव्या लागतील, असंही ते म्हणाले. बाबांनी बाहेर येताच हात टेकले. याच्या डोक्याला तारा? शक्यच नाही.

तू वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैद्याची खळ शिजवलीस, माझ्या स्वेटरची उरलेली हिरवी लोकर कापलीस आणि आधी स्वतःच्या डोक्याला चिकटवलीस, मग माझ्या. बाबा कारखान्यातून येतात आणि आम्हाला बघून दारातच थांबतात. तू त्यांना पाटावर बसवतेस, टकलावर लोकर लावतेस. धाकटा कोपऱ्यातून बघतोय. एक तार घसरून बाबांच्या नाकावर लोंबते आणि तो हसतो, पोट धरून, लोळून हसतो. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, तर त्यांनाही तू सोडलं नाहीस. मग रोजच हा खेळ सुरू झाला. एका संध्याकाळी तो आपणहून तुझ्यापुढे येऊन बसला आणि त्याने डोकं पुढे केलं. "बघ, काय्येक दुखणा नाय," तू म्हणालीस.

दवाखान्यात त्याने सगळ्या तारा लावू दिल्या आणि गुंगीच्या औषधाने झोपी गेला. यंत्राची पेनं कागदावर भराभर लाटा काढत होती. डॉक्टरांनी मधूनच उठलेली टोकं दाखवली. अशा बऱ्याच मुलांत ती दिसतात, तो थबकतो ते बहुधा त्यामुळेच, औषध देऊन बघू, असं ते म्हणाले. बोलण्याचं मात्र यावरून काही सांगता येत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

तू एवढंच विचारलंस, "म्हणजे तो मुद्दाम नाही ना करत?"

"नाही हो. मुळीच नाही."

बाहेर पडल्यावर तू आम्हा सगळ्यांना मसाला डोसा खायला घातलास, जसा काही तो वर्गात पहिला आला होता. औषधाने त्याचं थबकणं हळूहळू कमी झालं. बोलला तो पुढे कधीतरी, थोडंच, पण आत्याला घरी बोलावून सगळं समजावून सांगायला तू तेवढे दिवस थांबली नाहीस.

परवा त्याचा पुन्हा आलेख काढला. केस पिकलेत आता त्याचे. स्वतःच जाऊन पलंगावर आडवा झाला आणि डोळे मिटून घेतले. तारा लावणाऱ्या मुलीला नवल वाटलं. इतकं शांत राहायला यांना कुणी शिकवलं, असं तिने विचारलं. तू आता नाहीस, हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून कबूल करते: मी तिला म्हटलं, "मी शिकवलं."