स्पामध्ये ताईने कसं वागावं

३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू नुसती ‘हं हं’ करतेस, म्हणून पत्र. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून उठून मला महिना झाला नाही, तोच सुनेने स्पाचं कूपन हातात ठेवलं. साठ वर्षं स्वतःचं अंग स्वतः धुतलं, आता तेल चोळायला माणूस लागतो म्हणे! रिकामटेकड्यांचे चोचले. पण कूपन पंधरा तारखेला संपतं आणि काही फुकट घालवणं माझ्या रक्तात नाही. तू त्या धंद्यातली, तेव्हा तिथे कसं वागायचं ते लिही. मला स्वतःचं हसं करून घ्यायचं नाही.

दुसरं, लेकीच्या लग्नाला चार दिवस आधी ये. व्याही जुन्या वळणाचे आहेत. कुणी विचारलंच, तर नेहमीसारखं ‘दवाखान्यात असते’ एवढंच सांग. उगाच फाटे फोडू नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

ताई

७ मार्च

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

वेळेच्या दहा मिनिटं आधी जा. तासभर आधी जाऊन त्यांना घड्याळ दाखवू नकोस. अंघोळ करून जा, भरपेट जेवून नको. मागे एक गिऱ्हाईक टेबलावर पालथं पडून ढेकर देत होतं. कानातलं घरी ठेव, नाहीतर तेलकट हातांनी फिरक्या शोधायच्या आम्ही. फोन बंद. एक बाई दीड तास नणंदेशी भांडत होती. तिच्या खांद्यातली गाठ मी सोडवायची आणि तिने पुन्हा बांधायची! कपडे किती काढायचे ते तुझं तू ठरव. अंगावर चादर असते, आणि आम्ही इतक्या पाठी बघतो की तुझी त्यातलीच एक. जोर जास्त झाला तर तेव्हाच सांग. मुकाट्याने सोसून बाहेर तक्रार करणाऱ्या शहाण्या आमच्याकडे रोज येतात. आणि मसाज करणारीला ‘घरच्यांना चालतं का गं हे काम?’ असं विचारू नये. सगळ्या विचारतात.

लग्नाला मी येत नाही. बावीस वर्षं तुझ्या त्या दवाखान्यात आहे, अजून एक डॉक्टर भेटला नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा याच हातांनी त्यांची पाठ चोळली. तेव्हा कुणाला लाज वाटली नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नाही.

धाकटी

१६ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद, वि. वि.

जाऊन आले. तुझं पत्र पाठ केलं होतं, आणि त्यातलं काहीही धड पाळलं नाही. तासभर आधी पोहोचले. मग सगळे कपडे अंगावर ठेवून, मनगटावरच्या घड्याळासकट, चादरीखाली जाऊन पडले. मुलगी आत आली, तिने पाहिलं, पण हसली नाही. सावकाश आवरा, मी बाहेर थांबते, म्हणाली. माझ्या शाळेतल्या बाया असत्या तर खिदळल्या असत्या.

माझी जित्याची खोड. तिची तोंडी परीक्षा सुरू केली: शिक्षण किती, भावंडं किती, आणि जे विचारू नये तेही. तिने सांगितलं की घरी माहीत नाही, घरी दवाखान्यात काम करते असं सांगितलंय. तेवढ्यात तिने न विचारता उजव्या खांद्यावर नेमकं बोट ठेवलं. चौतीस वर्षं फळ्यावर लिहून तो गेलाय. मी रडले. जोर जास्त झाला असं तिला वाटलं.

घरी येऊन विहीणबाईंना फोन केला. माझी बहीण स्पामध्ये मसाज करते, दवाखाना मी रचलेला, असं स्वच्छ सांगितलं. त्या नुसत्या ‘बघू’ म्हणाल्या. लेक म्हणते, बघायचंच असेल तर आपण दुसरा मुलगा बघू. पोरगी माझ्यापेक्षा धीट आहे. मला मात्र घोर लागलाय.

चुकलं माझं. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलींना खरं बोलायला शिकवलं आणि घरच्या मुलीकडून खोटं घोकून घेतलं.

राग सोडू नकोस, पण ये.

ताई

२१ मार्च

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

काल तुझ्या विहीणबाईंचा फोन आला. नंबर तुझ्या लेकीकडून घेतला म्हणे. आवाज असा, की माझ्यावर उपकारच करताहेत. लग्न ठरल्याप्रमाणे होईल, त्यांची काही हरकत नाही. मात्र त्यांच्याकडच्या चार बायकांची कंबर धरलीय, तर मी येतेच आहे तेव्हा तेल बरोबर आणीन का? परवापर्यंत ज्या कामाने घराण्याचं नाक कापलं जात होतं, ते आज फुकटात हवंय!

मी म्हटलं, तुम्हाला माझ्या कामाची गरज आहे हे ऐकून बरं वाटलं, पण त्या दिवशी मला सुट्टी आहे. त्या दिवशी मी मुलीची मावशी आहे.

फोन ठेवल्यावर मात्र रडू आलं. मी काय करते ते सांगून तू मला पहिल्यांदाच कुणाच्या घरात बोलावलंस. शनिवारी पोहोचते. तेल आणत नाही.

तुझीच,

धाकटी