अठ्ठावीसपैकी नऊ

शाळेमागची खोली,
४ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

फोन असताना पत्र कशाला, म्हणून तू डोळे फिरवशील. अगं, फोनवर तू मिळतेस कुठे? ठकू फोनला चिकटून बसते, आणि हे तिच्यासमोर बोलायचं नाही.

बदल्यांचं पुन्हा निघालंय, मिळाली तर तुमच्याकडे येता येईल. पण वरच्या ऑफिसने यंदा मेख मारून ठेवली आहे. शाळा बंद असल्या तरी मुलं मागे पडता कामा नयेत, आणि पडली तर जबाबदार बाई. ज्या वर्गातली शंभरात ऐंशी मुलं धडा वाचतात, त्या बाईंचाच अर्ज पुढे जाणार. बाकीच्यांनी आणखी एक वर्ष तिथेच राहून मुलं वर आणायची. आणि बदलीचा हुकूम हातात असल्याशिवाय प्रवासाचा परवाना नाही, म्हणजे सगळं त्या एका आकड्यावर आलं.

माझी दुसरीची अठ्ठावीस मुलं. सकाळपासून एकेकाला फोन लावते, पोर धडा वाचतं, मी तक्त्यात खूण करते. पंचवीस वाचतात! मुख्याध्यापक म्हणाले, बाई, सामान आवरायला घ्या. मी वरवर हसले आणि खोलीत येऊन खरंच ट्रंक ओढून काढली.

अकरा महिने झाले गं. गाड्या बंद झाल्या तेव्हा ठकूचा समोरचा दात हलत होता. आता म्हणे तिथे नवा आलाय, आणि मी तो पाहिलेला नाही. परवा दुकानात एक फ्रॉक आवडला, तर दुकानदाराला मला तिचं माप सांगता येईना. पोटच्या पोरीचं माप! तिथेच रडले. मास्क होता म्हणून निभावलं.

रविवारी फोनवर बदकाचा धडा काय घडाघडा वाचते ती! तिच्या बाईंनी ‘वाचन उत्तम’ उगाच नाही दिलेलं. पोरगी माझ्यावर गेली आहे, हे आता तरी कबूल कर. बदलीचं मात्र तिला इतक्यात सांगू नकोस.

मी लांबून ओरडत असले तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


शिवणाचं दुकान,
१३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस उत्तर लिहायचा धीर झाला नाही. आता रागाव, पण शेवटपर्यंत वाचून रागाव.

ठकूला वाचता येत नाही.

शुक्रवारी मी मास्क शिवत होते आणि ती समोर बसून बदकाचा धडा म्हणत होती. सुईत दोरा ओवायला मान वर केली, तर पुस्तकात उघडं पान विहिरीच्या धड्याचं! समोर विहीर आणि तोंडात बदक. मला आधी हसूच फुटलं. मग गिऱ्हाइकाच्या शर्टाला टाचलेली चिठ्ठी तिच्यापुढे धरली. ‘बाही आखूड’, दोनच शब्द. तिने ‘ब’ पाहिला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दिलं ठोकून, बदक.

चूक माझी आहे, ताई. शाळेतून अभ्यास आला की शिवता शिवता मी धडा मोठ्याने वाचते, ती मागून म्हणते. आठ दिवसांत तोंडपाठ. तिच्या बाई फोनवर ऐकतात, तूही ऐकतेस. पुस्तकाचं पान कुठलं उघडं आहे, हे फोनवर कुणाला दिसतंय?

असं का केलंस म्हणून खूप विचारलं. शेवटी हुंदके देत म्हणाली, की नीट वाचायला लागलीस की आई येईल, असं मावशीच म्हणाली होती. म्हणाले होते गं. एकदाच, ती जेवत नव्हती तेव्हा. पोरीने ते धरून ठेवलं.

आता लहान तोंडी मोठा घास घेते. तुझी ती पंचवीस मुलं फोनवर वाचतात, तेव्हा त्यांच्यापुढे कुठलं पान असतं? विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं लिहितानाच वाटतंय. भावोजी तिकडे बोटीवर, तू तिथे. मलासुद्धा तू इथे हवी आहेस. माझ्याशी भांडायलाही घरात कुणी मोठं माणूस नाही.

रागावलीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस, एवढीच विनवणी.

तुझी,
धाकटी


शाळेमागची खोली,
२९ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

खरं सांगते, आधी तुझाच राग आला. मला वाचन शिकवणारी ही शिंपीण कोण, असं मनात म्हटलं. तरी कार्ड लिहायला बसले.

कुठल्याही पुस्तकात नसलेलं वाक्य हवं होतं. मी लिहिलं, ‘बाईंची टोपी उडाली’. मग चार दिवस घरोघर फिरले. आत जायचं नव्हतं, म्हणून खिडकीबाहेर उभं राहून कार्ड काचेला लावायचं. ज्याला वाचता आलं ते पोर खुदकन हसायचं, वेगळं काही विचारावंच लागायचं नाही. अठ्ठावीसपैकी नऊ हसली.

फोनवर सगळ्यांत छान वाचणारी एक मुलगी आहे. ती कार्डाकडे बघत हात मागे बांधून सुरात बदकाचा धडा म्हणायला लागली. काचेपलीकडे ठकूच उभी आहे असं वाटलं मला. तिला थांबवताही येईना.

मुख्याध्यापकांनी दार लोटून समजावलं, की सगळ्या शाळा नव्वदच्या वरच लिहितायत, खिडकीशी बघायला कुणी येणार नाही, तुमची लेक लहान आहे. माणूस वाईट नाही, माझ्याच भल्याचं बोलत होते. तक्ता दोन दिवस उशाशी घेऊन पडले. लेकीने आईला आणायला खोटं वाचलं, आणि आई लेकीकडे जायला खोटं लिहिणार होती. पंचवीस लिहिले असते, तर ती सोळा मुलं कागदावर वाचणारी झाली असती आणि पुन्हा कुणी त्यांच्याकडे वळून पाहिलं नसतं. मी नऊ लिहिले. उत्तर लगेच आलं. आणखी एक वर्ष इथेच.

धाकटे, मला तिच्याजवळ निजायचंय गं. बाकी काही नको आहे मला.

रविवारी फोनवर तिला सांगायला गेले, आणि न सांगताच फोन ठेवला. सोबत तिच्यासाठी वेगळा कागद आहे. अक्षर मोठं काढलंय, जोडाक्षर एकही नाही. काना-मात्रा तू शिकव, पण कागद वाचून दाखवू नकोस. तिचा तिने वाचायचा, कितीही दिवस लागोत.

चुकले असेन तर पोटात घाल.

तुझी,
ताई

(सोबतचा कागद)

ठकू, मी आता येणार नाही. इथली मुलं वाचू लागली की येईन. मला तुझी आठवण येते. तुझी आई.


शिवणाचं दुकान,
१९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी मनातलं ओकून टाकते. कागद उघडून पाहिला आणि तुझी चीड आली. तोंडाने सांगवलं नाही, म्हणून सात वर्षांच्या पोरीच्या हातात देऊन मोकळी झालीस! फाडून टाकणार होते. पण पाकीट आलं तेव्हा ती दारातच होती, आणि आईचं आहे म्हटल्यावर सोडते का?

आधी दहा-बारा दिवस चिठ्ठ्यांवर शिकलो. खिसा, काज, बाही. आता बाहीला बदक म्हणत नाही. मग तुझा कागद काढला. पहिल्या दिवशी स्वतःचं नाव आणि ‘मी’. दुसऱ्या दिवशी ‘आता’. तिसऱ्या दिवशी ‘येणार’पर्यंत पोचली, आणि ताई, ती उड्याच मारायला लागली. आई येणार, आई येणार म्हणत दुकानभर नाचली, आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटली. पुढचं वाचायला तयारच नाही, काम झालं म्हणे. मी काय बोलणार? वाचून दाखवायचं नाही, असं तूच बजावलेलंस. त्या दिवशी माझे तीन शर्ट उलटे शिवून झाले.

आज सकाळी उरलेलं वाचायला आपणहून कागद घेऊन बसली. ‘ना’ वाचलं, ‘ही’ वाचलं. दोन्ही जोडलं. परत पहिल्या शब्दावर बोट ठेवून सावकाश ‘नाही’पर्यंत आली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. मग मशीनपाशी येऊन मला विचारलं, की मावशी, मी चुकीचं वाचतेय का.

मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, की नाही गं राणी, अगदी बरोबर वाचलंस.

आम्हा दोघींना मनातून दूर करू नकोस.

तुझी,
धाकटी