कामणच्या घरातलं पाणी

आप्पा,

"पंचवीस देश एकमेकांच्या कागदावर विश्वास ठेवतात हे चांगलंच आहे, पण चूक झाली तर पाणी प्यायला कोणाच्या दारात जायचं?" हे तुम्ही मला फोनवर विचारलंत, तेव्हा युरोपात कायदा शिकायला जाऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. मी उत्साहानं सांगत होते, की तिथल्या युरोपीय संघातल्या एका देशाच्या न्यायाधीशानं अटकेचं वॉरंट काढलं, की दुसऱ्या देशातलं कोर्ट गुन्ह्याच्या खोलात न शिरता माणूस ताब्यात देतं. मंत्र्यांच्या सह्या नाहीत, वर्षानुवर्षं चालणारा पत्रव्यवहार नाही. विरारच्या घरात फोन कानाला लावून तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत. माझं फोनकार्ड संपत आलं होतं, म्हणून मी "नंतर सांगते" म्हणाले.

कुठलं पाणी, ते मात्र लगेच कळलं. मी नववीत होते. पोलीस ठाण्यात वॉरंटं बजावायचं काम तुमच्याकडे होतं, आणि शेजारच्या राज्यातल्या एका कोर्टाचं वॉरंट आलं होतं. त्यावर नाव, वडिलांचं नाव आणि कामण गाव. तुम्ही गेलात, त्या नावाचा माणूस भाताच्या खळ्यावर सापडला. "साहेब, मी त्या मुलखात कंदी गेलोच नाय," असं तो म्हणत राहिला, पण असं तर सगळेच म्हणतात. आठ दिवसांनी तिकडच्या कोर्टानं त्याला सोडलं. त्याच गावात त्याच नावाचा, बापाचंही तेच नाव असलेला दुसरा माणूस होता.

पुढच्या रविवारी तुम्ही साधे कपडे घालता, केळ्यांची एक फणी पिशवीत टाकता आणि मला म्हणता, "चल. तू बरोबर असलीस की त्याला माझी भीती वाटायची नाही." एसटीतून उतरून आपण बांधाबांधानं जातो. तो माणूस खांबाला टेकून उभा आहे, बसत नाही. त्याची म्हातारी आई तांब्या पुढे करते. तुम्ही हात जोडून म्हणता, "माझी चूक झाली." ती म्हणते, "पयलं पानी प्या." मग तुम्ही पाणी पीत असताना विचारते, "हवालदार, कागदावर आयशीचं नाव नसतं? माझं नाव लिवलं असतं तं पोऱ्या गेला नसता." तुम्ही तांब्या खाली ठेवता.

परतताना तुम्ही मला बजावलंत, "हे घराबाहेर सांगायचं नाही. त्याच्या मुलीचं लग्न व्हायचंय. लोक सुटलेला विसरतात, नेलेला लक्षात ठेवतात."

तेव्हापासून परगावचं वॉरंट आलं की तुम्ही आधी घरात जाऊन बसायचात, पाणी मागायचात, आईचं नाव विचारायचात, मग कागद काढायचात. तुमचे साहेब म्हणायचे, "हवालदार वॉरंट बजावायला जातात की सोयरीक जुळवायला?" घरी येऊन ते तुम्हीच हसत सांगायचात. कामणची म्हातारी तर तुम्ही दिसलात की लांबूनच ओरडायची, "आज कोनाचा पोऱ्या?" आणि तरीही तांब्या आणायची.

तुमचा प्रश्न मी पुढच्याच आठवड्यात वर्गात विचारला. पाण्याचं वगळून, बाकी तसाच. आमच्या प्राध्यापक बाईंनी तो फळ्यावर लिहिला आणि निरनिराळ्या देशांची मुलं त्यावर तासभर भांडली. कोणी म्हणालं, माणूस तोच आहे ना हे बघणं ताब्यात देणाऱ्याचंच काम. कोणी म्हणालं, प्रत्येकानं पुन्हा तपासायचं तर विश्वास कसला. शेवटी बाईंनी विचारलं, "हा प्रश्न कोणाचा?" मी म्हणाले, "आमच्याकडच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांचा." हवालदार म्हणाले नाही, वडील म्हणाले नाही. परत आल्यावर दोन वर्षं तुम्ही होतात. रोज संध्याकाळी समोर बसून चहा प्यायचो. वर्गात मी काय म्हणाले, ते तेव्हा कधीही सांगता आलं असतं.

आता मी विरारजवळच एव्हरशाईन वसाहतीत राहते, मुलांना हाच विषय शिकवते, आणि बरं चाललंय. विद्यार्थ्यांसाठी मराठीत एक लहानसं पुस्तक लिहिलंय. सगळी प्रकरणं कायद्यातून सुरू होतात, पहिलं सोडून. पहिलं कामणच्या त्या घरातून सुरू होतं. गावाचं नाव काढून टाकलंय, त्या माणसाचं तर कधी घातलंच नव्हतं. त्याच्या मुलीची मुलंसुद्धा आता कॉलेजात असतील. तुमची चूक मात्र ठेवली आहे, आणि या वेळी स्पष्ट लिहिलंय, की हवालदार माझे वडील होते.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. स्वतःचं काही नाही, पण तो माणूस पुन्हा कागदावर नको, बिननावाचासुद्धा नको. आणि बहुधा तुमचंच बरोबर असेल. पण प्रुफं सोमवारी परत द्यायची आहेत, आप्पा. तेवढं एक पान राहू द्या.