जागा तिघांची

४ मार्च
आले एकदाची ताईकडे. नोकरी सुटल्यापासून दोन महिने भाड्याच्या खोलीत भिंतींकडे बघत बसले होते. शेवटी ताईनं फोनवर चक्क दम दिला, तेव्हा बॅग भरली. घर काय आहे! मागे वाफ्यांत पालक, टोमॅटो, दुधी. आठ कोंबड्या. छतावर सोलर, पावसाच्या पाण्याची टाकी. भाऊजी साबणसुद्धा घरीच करतात. मीठ आणि काडेपेट्या तेवढ्या बाहेरून आणतो, असं ऐटीत म्हणाले. ताई म्हणाली, मी नवऱ्याशी नाही, दुकानाशी लग्न केलंय. पोट दुखेपर्यंत हसलो.

९ मार्च
भाऊजींनी तळघर दाखवलं. धान्याचे डबे, पाण्याचे कॅन, औषधं, बॅटऱ्या, हवा गाळणारं यंत्र, प्रत्येकावर चिठ्ठी. पलीकडच्या कारखान्यातून कधीतरी विषारी वायू सुटणार, याची त्यांना खात्रीच आहे. लोखंडी दाराला कडेनं रबर, आतून तीन कड्या, मधोमध बाहेर बघायचं भिंग. नियम एकच: दार लागलं की तीन दिवस उघडायचं नाही, बाहेर कोणीही असो. माझंही अंथरूण तयार होतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१७ मार्च
शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांची आई अंथरुणाला खिळलीय. तसं काही झालंच तर तिला तेवढं खाली घ्याल का, असं विचारत होत्या. भाऊजी म्हणाले, जागा तिघांची आहे. बाई मान खाली घालून गेल्या. माझं डोकंच फिरलं. घरात चार महिन्यांचा तांदूळ आणि एका म्हातारीला कोपरा नाही? तोंडावर बोलले तसं. ते चिठ्ठ्या चिकटवत राहिले. ताई भांडी घासत होती. इतक्या जोरात, की पातेल्याला पोचा यावा.

२२ मार्च, दुपार
कारखान्याचा भोंगा वाजला. खराच. पिवळट धूर, डोळ्यांची आग. तिघंही खाली पोचलो. ताईनं मास्क चढवला. "म्हातारीला घेऊन येते. पाच मिनिटं," म्हणाली आणि गेली.

भाऊजी घड्याळ बघत उभे. पाच मिनिटं झाली. त्यांनी दार लावलं.

सातव्या मिनिटाला ती आली. दार बडवत होती. मी भाऊजींना ओरबाडलं, चावले. हलले नाहीत. "उघडलं तर तूही मरशील," एवढंच म्हणाले.

मग बडवणं थांबलं.

२३ मार्च
भिंगावर चिकटपट्टी लावलीय त्यांनी. बघू नकोस म्हणतात. जेवले. वेळेवर! ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. म्हणाले, पाणी आता जास्त दिवस पुरेल. माणूस आहे की — मी डबा फेकून मारला. कपाळ फुटलं त्यांचं. माझं समाधान झालं नाही.

२४ मार्च, सकाळ
दार वाजलं. ताई! अगदी शांत आवाज. हवा साफ झालीय म्हणते, चल बाहेर. माझी ताई जिवंत आहे आणि हा मेला दारात आडवा — म्हणतो, ती ताई नाही. लाज नाही वाटत? ढकललं त्याला. पहिली कडी काढली. दुसरीही. तिसरीवर हात —

रडतोय. "आधी भिंगातून बघ. मग तुला हवं ते कर."

बघते. आणि मग त्याच्या तोंडावर थुंकते.

२४ मार्च, नंतर
ताई पायऱ्यांवर पडलीय. परवापासूनच — चेहरा — म्हातारी अजून तिच्या पाठीवर. दाराशी कोणीच उभं नाही.

आवाज मात्र दारातूनच येतोय. तिचाच. आता चिडलाय. दोन निघाल्या, एकच राहिली, म्हणतो.

कड्या आतून आहेत. तिला कसं दिसलं —

पलीकडच्या भिंतीला टेकून बसलोय दोघं. भाऊजींनी माझा हात धरलाय. सोडवत नाही मी.

तिसरी कडी सरकतेय. हळू. आमच्यापैकी कोणीच तिथे —