हातमोजे न घालता

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, निवृत्त आरएनए संशोधक, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. अर्धांगवायूने उजवा हात गेला, डोके जागेवर आहे. डाव्या हाताने लिहिते आहे, त्यामुळे पाल्हाळ नाही. दमले आहे.

१. राहते घर, दोन खोल्या आणि गच्चीसकट, माझ्या सुनेला द्यावे. मुलाने तिला सोडले. तिने मला सोडले नाही. तो फोनवर म्हणतो, "आई, ती आता आपली कोण? रक्ताचं नातं माझं आहे. तुझ्यामागे तिला एक दिवस राहू देणार नाही." म्हणून हे कलम पहिले.

२. रक्ताविषयी. बाळा, मी जन्मभर पेशी पाहिल्या. तुझ्या यकृतात आणि डोळ्यात डीएनए एकच. तो जाडजूड ग्रंथासारखा आत बंद असतो. त्यातले हवे ते पान उतरवून बाहेर नेतो तो आरएनए. त्याबरहुकूम प्रथिन बांधायला माल वाहून आणतो तोही आरएनए, आणि तो माल जोडतो तोही आरएनएच. निरोप पोचवणारा तर काम झाले की मोडीत निघतो, आभार कोणी मानत नाही. यकृत हे यकृत होते ते कोणती पाने उतरवली जातात त्यावरून. ग्रंथ तुझ्याकडे आहे, मान्य. पान उतरवलेले मला काही दिसले नाही.

३. बँकेत असेल ते मुलाला द्यावे. आई आहे शेवटी.

४. थेंब मोजायच्या माझ्या पिपेट्स प्रयोगशाळेतल्या आरएनएच्या टेबलाला. त्या टेबलाला उघड्या हाताने शिवायचे नाही, कारण बोटांवरचे विकर, म्हणजे एन्झाइम, आरएनएचे बघता बघता तुकडे करते. माजी विभागप्रमुखांना त्या हाताळू देऊ नयेत. पाहुण्यांपुढे मिरवायला त्यांनी उघड्या बोटांनी माझ्या नळ्या उघडून दाखवल्या, सगळे काम मातीत गेले, आणि वर म्हणाले, "उकाड्यानं झालं असेल." त्यांना मी माफ केलेले नाही.

५. उघड्या हाताने न शिवायची ती सवय घरातही शिरली. मी आजारी पडल्यावर सून माझे अंग पुसायला आली ती माझ्याच खणातले हातमोजे घालून. म्हणाली, "आई, तुम्हाला उघडा हात चालत नाही ना?" मी म्हटले, "काढ गं ते. आता जपण्यासारखं काय राहिलंय?" तिचे हात भांडी घासून खरखरीत झाले आहेत. फार बरे वाटले. इतकी वर्षे मला कोणी असे धरले नव्हते.

६. मी गेल्यावर माझे अंग शेवटचे पुसण्याचा मान तिचा. मुलगा वेळेवर पोचला तर त्यालाही करू द्यावे. दोघांनीही हातमोजे घालू नयेत. आटोपले की मुलाने निघावे. जाताना दार ओढून घ्यावे. कडी ती आतून लावेल.

साक्षीदार, दोघांसमक्ष सही केली:
वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य (सही)
प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाई, आता निवृत्त (सही)

लिहून देणार: (सही, डाव्या हाताची, वाकडी आहे पण माझीच)
ठिकाण: माझे, म्हणजे यापुढे तिचे, स्वयंपाकघर
दिनांक: ३ मार्च, दुपार