भरतीच्या पाण्यातला पूल

बसरा, ४ मार्च १९६२

ती. रबाबताई हिस,
लबीदचा सलाम वि. वि.

परीक्षा तोंडावर असताना हा बगदाद सोडून का पळाला, म्हणून तू चिडली असशील. विदादला बघायला लोक येताहेत हे कळल्यावर मी चित्रकलेच्या वर्गात माठ आणि फळं रंगवत बसू? आल्या आल्या चित्र काढलं आणि मागणी घालायला तिच्या बाबांकडे, अबू हातिमकाकांकडे, घेऊन गेलो. कालव्यावरचा आपला बुटका पूल, संध्याकाळची भरती, पाणी कमानीला टेकायला आलेलं. त्या पाण्यावरून उसळलेला तांबूस उजेड कमानीच्या पोटावर थरथरतोय. होडीत विदाद ताठ बसलेली. पुढे अंधार, तिच्या चेहऱ्यावर उजेड. याहून स्पष्ट माणूस काय बोलणार?

काकांनी चष्मा पुसून पाहिलं. म्हणाले, एवढ्या पाण्यात होडी घातलीस तर माझ्या मुलीचं डोकं फुटेल. तीस वर्षं होडी चालवली म्हणून चित्रातसुद्धा ओहोटीची वाट बघायची का? मन भरून आलंय ते दाखवायला पाणीही भरलेलंच लागतं, हे नावाड्याला कोण सांगणार? तसाच उठून आलो.

तुझा आधार गृहीत धरतो.
लबीद

बगदाद, ११ मार्च

चि. लबीद यास,
आशीर्वाद आज अर्धेच.

तुझ्या दाजींनी हातापाया पडून तुला कॉलेजात घातलं, आणि तू निरोपही न घेता गेलास. वर नावाडी म्हणून नाक मुरडतोस? भरतीला त्या पुलाखाली कोणी होडी घालत नाही, हे बसऱ्यातलं शेंबडं पोर सांगेल. इथल्या नदीला भरती नाही, म्हणून तीन वर्षांत विसरलास? मुलगी ज्याच्या होडीत बसवायची त्याला पाणी कळतं का, एवढंच तर बाप बघणार. निमूट पाणी खाली घे आणि माफी माग.

राग निवळला की उरलेले आशीर्वाद पाठवीन.
रबाब

बसरा, २० मार्च

ती. ताईस,
सलाम.

तुझं ऐकलं. पाणी हातभर खाली आणलं, काठाला चिखल दाखवला. मग कमानीवर उजेड उसळणार कशावरून? तिथे राखाडी रंग फासला. काका खूश झाले. त्यांनी मला कॉफी प्यायला सांगितलं, म्हणजे होकारच.

तेवढ्यात विदाद आतून आली आणि चित्र खिडकीशी घेऊन गेली. म्हणाली, लहानपणी ती आणि तिचा भाऊ भरतीला त्या पुलाखालून होडीत आडवे पडून जायचे. कमान नाकावरून जायची आणि तिच्यावर हाच उजेड नाचायचा. पहिलं चित्र तिने दाराआडून पाहिलं होतं. त्या होडीत ती आडवी पडायला तयार होती. डोकं तिचं, पण तिला विचारलं कोणी? बाबांनी डोळे वटारताच जो स्वतःचा उजेड पुसतो, तो उद्या तिलाही पुसेल. तिच्याकडून नकार समजावा.

पाणी ताईने खाली घ्यायला लावलं, असं म्हणून मी तुझं नाव पुढे केलं. त्यावर ती म्हणाली, मग ताईशीच लग्न कर.

तुझ्यावर चिडायला बसलो होतो, पण ब्रश माझ्याच हातात होता. काकांनी चित्र बैठकीत लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगतात, बघा, पाण्याची पातळी किती अचूक आहे.

दाजींना तोंड कसं दाखवू ते कळव. तुझी माया या पत्रानंतर उरली तर पुरे.
लबीद